मालती दर्जाची खोली

पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला मनुष्य घरात कसलाही साधा प्रश्न निघाला, तरी थेट त्याच्या मुळाशी जाऊन बसतो, अशी आमच्या घरची जुनी तक्रार आहे. भाजीचा भाव विचारला तर मी म्हणे दुष्काळापासून सुरुवात करतो! तक्रार अगदीच खोटी नाही, हे पुढील हकिगतीवरून वाचकांच्या ध्यानात येईलच.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, त्या दिवशी सौ.ने कपाटातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. कितीतरी वर्षांच्या भिशीतून साठवलेले पैसे होते ते. म्हणाली, "अहो, समुद्र पाहायला आपण दरवेळी कोकणातच गेलो. आता एकदा परका समुद्र पाहू या." चिरंजीवांनी उत्साहाने बाली बेटाची तिकिटे काढून दिली आणि म्हणाले, "बाबा, राहण्याचंही मीच बघतो. नुसा दुआला समुद्राला लागून मोठं हॉटेल आहे. वरचे पैसे मी घालीन." पण सौ. ऐकेना. "भिशी माझी, तेव्हा खोलीही भिशीच्याच पैशात बसली पाहिजे," हा तिचा निकाल. मग ती बसवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

या बाबतीत आमचा पूर्वानुभव फारसा आशादायक नव्हता. एका थंड हवेच्या ठिकाणी छायाचित्रातला सुंदर सज्जा पाहून मी एकदा खोली ठरवली होती. सज्जा खरोखरच होता. मात्र त्याच्यासमोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत उभी होती! तेव्हापासून मी छायाचित्रांवर विश्वास ठेवत नाही. म्हटले, या बेटावर माणसे आजवर कुठे आणि कशी उतरत आली, हे आधी पाहावे. खोली मग आपोआप सापडेल.

आणि पाहू लागलो तो काय! बालीमधल्या पाहुण्यांच्या खोलीचा इतिहास म्हणजे जवळजवळ त्या बेटाचाच शंभर वर्षांचा इतिहास निघाला.

परक्या माणसांचे बालीमध्ये झालेले एक मोठे आगमन पाहुण्यांचे नव्हतेच. १९०४ साली बेटाच्या दक्षिणेकडील सानूर गावाच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातला माल लोकांनी लुटला, त्याची भरपाई द्या, असा तगादा डच सरकारने बादुंगच्या राजाकडे लावला. राजाने नकार दिला. १९०६ च्या सप्टेंबरात डच फौज त्याच सानूरला उतरली आणि देनपसारवर चालून गेली. २० सप्टेंबर रोजी राजा, त्याचा परिवार आणि दरबारी माणसे शुभ्र वस्त्रे नेसून, हाती खंजीर घेऊन राजवाड्याबाहेर आली आणि बंदुकांच्या समोर चालत गेली. बाली लोक या आत्मबलिदानाला 'पुपुतान' म्हणतात. दोन वर्षांनी, १९०८ साली, क्लुंगकुंगच्या राजानेही हाच मार्ग पत्करला आणि सारे बेट डचांचे झाले.

या रक्तपाताने युरोपात डचांची पुष्कळ नाचक्की झाली. मग त्यांनी बेटाची जुनी संस्कृती जपण्याचे धोरण धरले आणि जपलेली वस्तू लोकांना दाखवण्याचेही मनावर घेतले. १९२४ पासून एका डच आगबोट कंपनीच्या बोटी दर आठवड्याला उत्तरेच्या सिंगराजा बंदरी प्रवासी आणू लागल्या. उतरायची सोय म्हणजे सरकारी अंमलदारांसाठी बांधलेल्या 'पासांग्राहान' नावाच्या विश्रामगृहांची. आपल्याकडचे डाकबंगलेच म्हणा ना! साहेब दौऱ्यावर नसला तर खोली प्रवाशाला मिळे. रवींद्रनाथ टागोर १९२७ साली बालीला गेले, तेव्हा बेटावर म्हणण्यासारखे हॉटेल नव्हते. ते पुढल्याच वर्षी, १९२८ साली, त्याच आगबोट कंपनीने देनपसारला उभारले. आणि जागा निवडली ती पुपुतान घडला त्या परिसरातली! जिथे राजकुल बावीस वर्षांपूर्वी धारातीर्थी पडले, तिथे आता गोरे पाहुणे रात्री जेवण आटोपून नाच पाहू लागले.

स्वस्त खोलीची कथा मात्र इथून निराळ्या वाटेने जाते. बाली माणसाच्या मनात पर्वताची दिशा पवित्र आणि समुद्राची दिशा त्या मानाने हीन. भाताची जमीन ती खरी जमीन. किनाऱ्याची वाळू म्हणजे नारळाची झाडे नि गुरे चारायची जागा. कुटा हे असेच एक कोळ्यांचे गाव होते. १९३६ साली बॉब आणि लुईझ कोक या अमेरिकन जोडप्याने तिथल्या वाळूवर बांबूच्या आणि गवती छपराच्या झोपड्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पायांखाली समुद्र, डोक्यावर गवत; पाहुणे खूश झाले. बॉब कोकने लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळही बालीत आणला. हे सुख सहा वर्षेही टिकले नाही. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी फौज बालीवर उतरली आणि तीही पुन्हा सानूरलाच! कुटाच्या झोपड्या युद्धात नामशेष झाल्या.

स्वातंत्र्यानंतर अध्यक्ष सुकार्नोंचे बालीवर विशेष प्रेम. त्यांची आई बालीचीच. जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशातून त्यांनी सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल बांधायला घेतले. ते १९६६ साली उघडले. त्या उंच इमारतीचा लोकांनी असा धसका घेतला की, नवी इमारत माडाच्या उंचीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, उंच असू नये असा नियम पुढे झाला. बाली आजही माडांच्या आड राहिली आहे, ती त्यामुळे.

पण ते हॉटेल बांधले जात होते त्या वर्षांत बेटावर काय चालले होते, हे प्रवासाच्या पुस्तिकांत छापत नाहीत. १९६३ साली आगुंग पर्वताचा स्फोट होऊन हजारांवर माणसे मेली, शेते राखेखाली गेली. १९६५ च्या अखेरीस राजकीय सूडाची लाट आली. कम्युनिस्ट म्हणून, किंवा नुसत्या तशा संशयावरून, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. काही महिन्यांत बालीमध्ये सुमारे ८०,००० माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वीस माणसांमागे एक. त्यांतल्या कित्येकांना किनाऱ्याच्या वाळूतच पुरले.

१९६९ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. १९७१ साली परदेशी तज्ज्ञांनी आराखडा दिला, की श्रीमंत प्रवाशांना दक्षिणेला नुसा दुआच्या कोपऱ्यात ठेवावे, म्हणजे पैसा येईल आणि संस्कृतीला धक्का लागणार नाही. कागदावर योजना चोख होती. पण नुसा दुआचे पहिले मोठे हॉटेल उघडायला १९८३ उजाडले. आणि तोवर खांद्यावर पिशवी टाकून हिंडणारी, खिशाने हलकी तरुण पोरे भलतीकडेच, कुटाला, उतरू लागली होती. त्यांना कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या बायकांनी आपल्या अंगणातली एखादी खोली दिली, सकाळी कॉफी नि केळ्याचे धिरडे दिले. याचे नाव 'लोसमेन'. शब्द मूळचा डच, पण घर अस्सल बाली. त्यात पाहुण्याचा पैसा थेट घरधनिणीच्या कनवटीला जाई. त्यातून पोरे शिकली, देवळांची छपरे शाकारली गेली.

पुढे वाळूची किंमत सोन्याची झाली. किनाऱ्याच्या पुष्कळ जमिनी परक्या हाती गेल्या आणि लोसमेनच्या जागी हॉटेले आली. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुटाला बॉम्बस्फोट होऊन २०२ माणसे दगावली. २०२० साली महामारीने बेटच बंद झाले. दोन्ही वेळा मोठी हॉटेले ओस पडली, नोकर घरी गेले. घरात एखादीच पाहुण्याची खोली असणारे मात्र पुन्हा भाताकडे, समुद्रशेवाळाच्या शेतीकडे वळून कसेबसे तगले.

इतके सारे वाचून झाल्यावर माझी खोली ठरली. चिरंजीवांना सांगितले, "सानूर गाव. समुद्रापासून दहा मिनिटे चालायचे. घरच्या अंगणातली खोली. वातानुकूलन नाही, पंखा आहे." ते म्हणाले, "बाबा, किती तारे आहेत त्याला?" आता इंडोनेशियात मोठ्या हॉटेलांना तारे देत, आणि लहान स्वस्त हॉटेलांना 'मेलाती' म्हणत. लोकांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. मेलाती म्हणजे चमेलीच्या जातीचे पांढरे फूल, आणि शब्द आपलाच, संस्कृत 'मालती'. मी सांगितले, "तारा एकही नाही. मालतीचा दर्जा आहे."

आम्ही पोहोचलो तो आठवडा गालुंगनचा होता. दर २१० दिवसांनी येणारा हा बाली लोकांचा मोठा सण; पितर त्या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा. प्रत्येक दारापुढे उंच बांबू, शेंड्याकडे वाकलेला, त्याला नारळाच्या कोवळ्या पात्यांची नक्षी. सौ. गाडीतूनच ओरडली, "अहो, गुढ्या! पण वाकलेल्या!"

घर पाहून माझा जीव भांड्यात पडला. दारातून आत शिरताच समोर एक आडवी भिंत, दुष्ट शक्तींना अडवणारी. तिला वळसा घालून गेले की अंगण, भोवती सुट्या सुट्या खोल्या, ईशान्येच्या बाजूला देवघर. ऐन मंगल कोपऱ्यात देव आणि पाण्याकडच्या बाजूला पाहुणा, अशी व्यवस्था! घरच्या आजींना सारे 'इबू', म्हणजे आई, म्हणत; आम्हीही म्हणू लागलो. कोंबडे पहाटे चारला उठवत, आणि न्हाणीचे गरम पाणी बरेचदा गारच असे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

सौ. आणि इबू यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी दोघी पात्यांच्या इवल्याशा परड्या विणत ओसरीवर बसल्या होत्या. परड्यांत फुले, चिमूटभर भात. सणासाठी इबूंनी देवघरापुढे पाने मांडली तेव्हा मी, शाळामास्तरच तो, मोजली. घरच्या पितरांची नावे नातवाने सांगितली होती, त्याहून एक जास्त होते. मी सहज विचारले. नातवाने आजीला विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग दोनच वाक्ये बोलली आणि परडी विणू लागली. नातू म्हणाला, "आजीचा थोरला भाऊ. ती आठ वर्षांची होती. डोंगर फुटल्यानंतर दोन वर्षांनी त्याला रात्री घेऊन गेले. कुठे ठेवला ते ठाऊक नाही, म्हणून पान इथे मांडतात." मी मनात हिशेब केला. १९६३ आणि दोन.

पस्तीस वर्षे मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. त्या क्षणी मला एकही प्रश्न सुचला नाही. सौ.ने मात्र उठून पिशवीतून दिवाळीच्या फराळातला उरलेला एक बेसनाचा लाडू आणला आणि इबूंकडे पाहिले. इबूंनी मान हलवली. तो लाडू त्या जास्तीच्या पानावर ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे समुद्रावर गेलो. सानूरचा समुद्र प्रवाळाच्या बांधामुळे शांत, गुडघाभर. जिथे १९०६ साली एक फौज उतरली आणि १९४२ साली दुसरी, त्या वाळूत सौ. पातळ आवरून उभी होती. "छान आहे हो परका समुद्र," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण तितकासा परका नाही."

भिशीतले काही पैसे उरले. ते आम्ही इबूंना देऊ केले, तर त्यांनी घेतले नाहीत. खोलीचे ठरलेले तेवढेच घेतले. मग सौ.ने तिथल्या तिथे पुढल्या वर्षासाठी तीच खोली ठरवून टाकली आणि पैसे आगाऊ दिले. तेवढे मात्र इबूंनी मोजून, रीतसर घेतले.