बाळाचे चपटे डोके

तान्ह्या बाळाचे डोके मागून किंवा एका बाजूने चपटे दिसू लागले म्हणून आईबापांनी डॉक्टरकडे धाव घ्यायची, मोजमापे करून घ्यायची, वेळप्रसंगी बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचे हेल्मेट चढवायचे, हा प्रकार फार जुना नाही. अमेरिकेत आणि युरोपात तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाढला. त्याआधी चपटी डोकी नव्हती असे मुळीच नाही. पण त्यासाठी दवाखान्याची पायरी चढणारे थोडे.

माणसाला बाळाच्या डोक्याची हौस मात्र पुरातन. कवटीची हाडे जन्मावेळी एकमेकांना जुळलेली नसतात. मध्ये फटी असतात, टाळू मऊ असते, आणि आतला मेंदू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढत असतो. अशा डोक्याला द्याल तो आकार मिळतो, हे जगभर लोकांना ठाऊक होते. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथात बाळाचे डोके हातांनी दाबून, पट्ट्या बांधून लांबट करणाऱ्या जमातीचे वर्णन आहे. पेरू देशातल्या पाराकास येथील लांबुळक्या कवट्या प्रसिद्धच आहेत. फ्रान्समध्ये तुलूझच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापर्यंत बाळाच्या डोक्याला पट्टी बांधत. आपल्याकडे बांधाबांध नाही, पण टाळू तेलाने भरायची, न्हाऊ घालताना सुईणीने हलक्या हाताने डोके गोल करायचे आणि काही घरांत डोक्याखाली राईची उशी द्यायची, हे चालत आलेच आहे.

आता मुख्य कथा. तिचा धागा डोक्यात नाही, झोपेत आहे.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि दोन पिढ्यांच्या अमेरिकन आयांनी ते पोथीसारखे वाचले. १९५० च्या दशकातील आवृत्त्यांपासून त्यात बाळाला पालथे निजवावे असा सल्ला आला. कारणे दोन. उताणे बाळ ओकले तर ओकारी घशात अडकेल, हे एक. दुसरे कारण वाचून आज अंगावर काटा येतो: उताणे बाळ मान एकाच बाजूला वळवून पडते आणि त्या बाजूचे डोके चपटे होते! त्याने मेंदूला काही होत नाही, डोके पुढे आपोआप सुधारते, हेही स्पॉकनी तिथेच लिहिले होते. पण सल्ला पालथ्याचाच राहिला आणि तो पाश्चात्य जगभर पसरला.

याच काळात रात्री धडधाकट झोपी गेलेले बाळ सकाळी पाळण्यात मृत सापडण्याच्या घटनांची चर्चा वाढत गेली. इंग्रजीत त्याला कॉट डेथ म्हणत. गळफास नाही, ताप नाही, शवविच्छेदनात काही नाही. आईबाप स्वतःलाच दोष देत बसायचे. हळूहळू आकडे बोलू लागले की पालथी निजणारी बाळे यात जास्त आहेत. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्येच पालथ्या झोपेविरुद्ध सांगणे सुरू झाले. न्यूझीलंड आणि टास्मानियातील अभ्यासांनी तेच दाखवले. ब्रिटनमध्ये दूरदर्शनवरील निवेदिका ॲन डायमंड यांचा तान्हा मुलगा १९९१ मध्ये असाच गेला. न्यूझीलंडला जाऊन त्यांनी माहिती घेतली, सरकारच्या मागे लागल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये सल्ला बदलला, तिथली मोहीम १९९४ ची. काही वर्षांतच दोन्ही देशांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

२००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सारे अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की १९७० पर्यंतचाच पुरावा नीट गोळा केला असता तर पालथी झोप घातक हे तेव्हाच कळले असते, आणि ब्रिटनमधील १० हजारांहून अधिक, तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळे वाचू शकली असती. चपट्या डोक्याची धास्ती हे त्या सल्ल्यामागचे निम्मे कारण होते, हे इथे आठवावे.

उताण्या झोपेबरोबर चपटी डोकी परतली. १९९६ मध्ये आर्जेंटा आदी शल्यवैद्यांनी अशा बाळांची संख्या एकाएकी वाढल्याची नोंद केली. पहिली काही वर्षे गोंधळाची गेली. कवटीचा सांधा वेळेआधी जुळण्याचा एक दुर्मीळ विकार असतो, त्याला शस्त्रक्रिया लागते. नुसत्या चपट्या डोक्यालाही तोच विकार समजून काही ठिकाणी बाळांच्या कवट्या उघडल्या गेल्या. पुढे ओळखण्याच्या खुणा पक्क्या झाल्या. निजण्याने चपटे झालेल्या डोक्यात त्या बाजूचा कान पुढे सरकतो, कपाळही त्याच बाजूने पुढे येते आणि वरून पाहता डोके समांतरभुज चौकोनासारखे दिसते. मान एका बाजूला आखडलेली असेल तर तिचा व्यायाम आधी करून घ्यावा लागतो.

मग हेल्मेट. क्लॅरन यांनी १९७९ मध्येच त्याचा उपयोग मांडला होता. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पट्ट्याला मान्यता दिली आणि धंदा जोरात सुरू झाला. दिवसाचे २३ तास, महिनोन्‌महिने घालायचे, खर्च हजारो डॉलर्स. आईबाप तरी काय करणार? वाढ मंदावली की संधी गेली, असे कोणी सांगितले की हात आपोआप पाकिटाकडे जातो. नेदरलँड्समध्ये शेवटी याची कसोटी घेतली. मध्यम ते बऱ्यापैकी चपटे डोके असलेली ८४ बाळे चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली, एका गटाला हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. निकाल २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण सुधारलेली मुले हेल्मेटच्या गटात २६ टक्के, नुसत्या वाढलेल्या गटात २३ टक्के. हेल्मेटवाल्या सगळ्या पालकांनी घाम, वास, त्वचेचा त्रास असे काही ना काही सांगितले. अतिशय विद्रूप डोकी या अभ्यासात नव्हती, त्यामुळे वाद मिटला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यवैद्यांच्या संघटनेने गंभीर प्रकारांत हेल्मेटचीच शिफारस केली.

साधा उपाय मात्र सर्वांना मान्य आहे. निजवायचे उताणे, पण बाळ जागे असताना, कोणी समोर असताना, ते पालथे घालायचे. 'टमी टाइम' या नावाने परदेशात त्याचे वर्ग चालतात. आमची न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून त्यांवर बाळाला पालथे घेते आणि पाठीला तेल चोळते, तेव्हा दुसरे काय चाललेले असते? नाव नव्हते एवढेच.

राईच्या उशीचे मात्र तसे नाही. डोक्याला आकार देणाऱ्या उशा बाळाखाली वापरू नका, त्यांनी गुदमरण्याचा धोका वाढतो, असा इशारा त्याच अमेरिकन प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली म्हापशाची किंवा फोंड्याची आजी सामानात उशी घालत असेल, तर ती बाहेर काढावी. तिचे पाय आणि तेलाची वाटी तिथेही उपयोगी पडतील.