रिकाम्या तुरुंगाची जमीन

तुरुंग कोठे बांधावा, हे सरकार ठरविते. त्यात कोणास ठेवावे, हे न्यायालय ठरविते. परंतु शंभर-दीडशे वर्षांनी तो तुरुंग बंद झाला, कैदी दुसरीकडे हलविले गेले आणि शहराच्या ऐन मध्यावर आठ-दहा किंवा वीस एकर जमीन एकाएकी मोकळी झाली, म्हणजे तिचे काय करावयाचे हे कोणी ठरवावे? सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न वरकरणी अगदी सोपा वाटेल. जमीन ज्या खात्याची, निर्णय त्या खात्याचा. फाईलमध्ये मालकाचे नाव, क्षेत्रफळ आणि अपेक्षित किंमत यांसाठी जागा असते. त्या भिंतींच्या आत ज्यांची वर्षे गेली आणि त्या भिंतींच्या सावलीत ज्यांची घरे उभी राहिली, त्यांच्या म्हणण्यासाठी मात्र फाईलमध्ये रकाना नसतो. हा रकाना असावा की नसावा, आणि असावा तर तो केव्हा भरावा, याचा विचार दिल्ली, बंगळूर आणि लंडन येथील तीन तुरुंगांच्या आधारे करण्याचा आमचा मानस आहे.

दिल्लीपासून आरंभ करू. दिल्ली दरवाज्याजवळचे मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय राजधानीतील मराठी मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते ज्या जमिनीवर उभे आहे तेथे पूर्वी दिल्लीचा मध्यवर्ती तुरुंग होता, हे मात्र तेथे औषधोपचारासाठी जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तुरुंग होण्यापूर्वी ती एक सराई होती. प्रवाशांच्या मुक्कामाची जागा इंग्रजांनी कैद्यांच्या मुक्कामाची केली. लॉर्ड हार्डिंग यांच्यावर १९१२ साली बाँब टाकला गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना ८ मे १९१५ रोजी याच तुरुंगात फाशी देण्यात आले. १९५८ च्या सुमारास कैदी तिहारच्या नव्या तुरुंगात गेले आणि जुनी जागा वैद्यकीय महाविद्यालयाकडे आली. फाशीच्या जागी हुतात्म्यांचे स्मारक ठेवण्यात आले.

या निर्णयात वावगे काही नव्हते, असेच कोणीही म्हणेल. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला डॉक्टर हवे होते, आणि जमीन तर हाताशीच होती. कोणास विचारावे, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनात येण्याजोगी नव्हती. लोकांनी निवडलेले सरकार म्हणजेच लोक, अशी ती श्रद्धा होती. त्या श्रद्धेने महाविद्यालय उत्तम उभे केले. पण तुरुंगाची स्मृती आवाराच्या एका कोपऱ्यापुरती उरली, हेही खरे.

बंगळूरची गोष्ट याहून पुढच्या काळातील. शेषाद्री मार्गावरील तेथील मध्यवर्ती तुरुंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या बराकी, अशी त्याची मांडणी होती. मनोऱ्यावर एक पहारेकरी उभा केला की प्रत्येक बराकीतील माणसाला आपल्यावर नजर आहे असे वाटत राहावे, हा त्यातील हेतू.

या तुरुंगाशी महाराष्ट्राचे एक जवळचे नाते आहे. जून १९७५ मध्ये एका संसदीय समितीच्या कामासाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते हे बंगळूरला आले होते. आणीबाणी पुकारली गेली आणि २६ जूनला या चौघांनाही अटक होऊन याच तुरुंगात ठेवण्यात आले. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात, अशी त्या दांपत्याची ताटातूट झाली. दोघांचा संसार त्या काळात पत्रांतून चालला. अभिनेत्री आणि समाजवादी कार्यकर्त्या स्नेहलता रेड्डी याही १९७६ मध्ये येथेच बंदिस्त होत्या. त्यांना दम्याचा विकार होता. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची पॅरोलवर सुटका झाली आणि त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.

पुढे कैदी शहराबाहेर परप्पन अग्रहार येथे हलविले गेले आणि सुमारे २१ एकर जमीन मोकळी झाली. बंगळूरने दिल्लीपेक्षा एक पाऊल पुढे टाकले. वास्तुशास्त्रज्ञांची स्पर्धा घेण्यात आली आणि तीत मॅथ्यू आणि घोष यांचा आराखडा निवडला गेला. मनोरा राखला, काही बराकी राखल्या, भिंती ठिकठिकाणी मोकळ्या केल्या आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ या नावाने ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. सभा आणि निदर्शने यांसाठी त्यात मुद्दाम जागा ठेवण्यात आली. ज्या जागी बोलणाऱ्यांना डांबले जाई, त्या जागी लोकांनी मोकळेपणी बोलावे, ही कल्पना निःसंशय उदात्त होती.

परंतु २०२१ साली बंगळूरच्या पोलिसांनी निदर्शने आणि मोर्चे यांसंबंधी एक आदेश काढला आणि शहरातील निदर्शने फ्रीडम पार्कातच व्हावीत असे ठरले. रहदारीची अडचण खरी होती, हे मान्य करावयास हवे. तथापि परिणाम असा झाला की, बोलण्यासाठी *खुली* केलेली जागा ही बोलण्याची *एकमेव* जागा ठरली. आराखडा करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पण स्पर्धा ही सुंदर उत्तराची निवड असते. मूळ प्रश्न आणि पुढचा वापर यांवर तिचा ताबा नसतो. त्या जागेच्या वापरात ज्यांचा शब्द चालेल अशी नागरिकांची एखादी समिती आरंभापासून असती, तर एका आदेशाने तिचा अर्थ बदलणे इतके सहज झाले असते काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरे उदाहरण लंडनच्या उत्तर भागातील हॉलोवे तुरुंगाचे. येथे रहिवाशांनी आणि माजी कैद्यांनी स्वतःच नियोजनात हात घातला, म्हणून त्याचा वृत्तांत थोडा विस्ताराने देतो. हा तुरुंग १८५२ साली सुरू झाला. जेम्स बन्स्टन बनिंग या वास्तुशास्त्रज्ञाने त्याला वॉरिकच्या किल्ल्यासारखे बुरुजांचे दर्शनी रूप दिले होते. आरंभी तेथे पुरुषही असत. १८९५ साली खटला चालू असताना ऑस्कर वाइल्ड यांना तेथेच ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो केवळ स्त्रियांचा तुरुंग झाला. मताधिकारासाठी लढणाऱ्या शेकडो स्त्रिया तेथे शिक्षा भोगून गेल्या. अन्नत्याग करणाऱ्यांच्या घशात नळी घालून बळजबरीने अन्न ओतले गेले. ब्रिटनच्या लोकसभेवर निवडून आलेली पहिली स्त्री, कॉन्स्टन्स मार्कीविच, १९१८ साली निवडून आली तेव्हा याच तुरुंगात होती. ब्रिटनमध्ये फाशी दिली गेलेली शेवटची स्त्री, रूथ एलिस, हिलाही १३ जुलै १९५५ रोजी येथेच फासावर चढविण्यात आले.

जुना किल्लेवजा तुरुंग पाडून त्या जागी १९७१ ते १९८५ या काळात नवा बांधण्यात आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तो बंद करण्याची घोषणा केली. शहरातील मोक्याच्या जमिनी विकून तेथे घरे होऊ द्यावीत आणि आलेल्या पैशातून नवे तुरुंग बांधावेत, असे ते धोरण होते. २०१६ च्या उन्हाळ्यात तुरुंग रिकामा झाला. तेथील स्त्रिया लंडनच्या मध्यवस्तीपासून दूर असलेल्या ब्रॉन्झफील्ड व डाउनव्ह्यू या तुरुंगांत गेल्या. मुलांना घेऊन भेटीस येणाऱ्या आजीला किंवा बहिणीला आता लांबचा प्रवास पडू लागला.

सुमारे १० एकर जमीन विक्रीस निघणार हे दिसताच परिसरातील लोक हालचाल करू लागले. ‘रिक्लेम हॉलोवे’ या नावाची चळवळ सुरू झाली. मे २०१७ मध्ये ‘सिस्टर्स अनकट’ या गटातील स्त्रियांनी कैद्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या भेटीच्या इमारतीचा ताबा घेतला आणि काही दिवस तेथे लोकांसाठी कार्यक्रम चालविले. त्याच वर्षी ‘कम्युनिटी प्लॅन फॉर हॉलोवे’ या गटाने अधिक शांत व चिकाटीचे काम हाती घेतले. शेजारचे रहिवासी, तुरुंगात काम केलेली माणसे, शिक्षा भोगून बाहेर आलेल्या स्त्रिया या सर्वांना एकत्र बसवून या जमिनीवर काय हवे, हे त्यांनी विचारले. इझ्लिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयानेही तुरुंगाच्या आठवणी गोळा करण्याचा उपक्रम चालविला.

या विचारणेतून दोन मागण्या पुढे आल्या. पहिली, सामान्य माणसाला झेपेल अशा भाड्याची घरे. दुसरी, स्त्रियांसाठी एक स्वतंत्र वास्तू: संकटात सापडलेल्या स्त्रियांना सल्ला, कायद्याची मदत, मनाला उभारी आणि तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा उभे राहण्यास आधार मिळेल अशी जागा. दीडशेहून अधिक वर्षे ही भूमी स्त्रियांच्या शिक्षेसाठी वापरली गेली, तिने त्या स्त्रियांचे काही देणे फेडावे, हा या मागणीमागील विचार. यात भावना होती, पण केवळ भावना नव्हती. तुरुंगात येणाऱ्या अनेकींच्या मागे मारहाण, व्यसन आणि बेघरपणा असतो, आणि तुरुंग हलविल्याने ते प्रश्न हलत नाहीत, हे तेथे काम केलेल्यांना ठाऊक होते.

यापुढील गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. इझ्लिंग्टनच्या बरो कौन्सिलने जानेवारी २०१८ मध्ये या जमिनीसाठी नियोजनाचा एक मार्गदर्शक दस्तऐवज संमत केला. निदान निम्मी घरे परवडणारी असावीत, लोकांसाठी हिरवी मोकळी जागा असावी आणि स्त्रियांसाठी वास्तू असावी, अशा अपेक्षा त्यात लेखी नमूद झाल्या. जमिनीची विक्री त्यानंतर, म्हणजे मार्च २०१९ मध्ये झाली. जमीन घेणाऱ्याला तेथे काय करता येणार आणि काय नाही, याचा हिशेब करूनच किंमत द्यावी लागली. कोणी वाटेल ती किंमत मोजून मागाहून ‘आता घरे स्वस्त देणे परवडत नाही’ असे म्हणावे, ही वाट बरीच अरुंद झाली. अखेर ही जमीन पीबॉडी या संस्थेने ८ कोटी पौंडांहून अधिक किंमतीस घेतली. गरिबांच्या घरांसाठी १८६२ साली स्थापन झालेली ही संस्था. लंडनच्या महापौरांच्या निधीतून तिला ४ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज मिळाले होते.

मार्च २०२२ मध्ये कौन्सिलच्या नियोजन समितीने ९८५ घरांच्या योजनेस मंजुरी दिली. त्यांपैकी ६० टक्के घरे परवडणारी आणि त्यांतली ४१५ सर्वांत कमी भाड्याची. स्त्रियांसाठी वास्तूही योजनेत आली, आणि मध्यभागी उद्यानही आले.

हा विजय पूर्ण होता, असे मात्र चळवळीतील स्त्रियांस वाटले नाही. त्यांना स्वतंत्र इमारत हवी होती. मिळाली ती निवासी इमारतीच्या खालच्या भागातील जागा. इमारतींची उंची १४ मजल्यांपर्यंत गेल्याने शेजारीही नाराज झाले. घरांची संख्या वाढवावी तर इमारती उंच होतात आणि उंची कमी करावी तर स्वस्त घरे घटतात, ही ओढाताण कोणत्याही लोकनियोजनातून सुटत नाही. लोकांना विचारले म्हणजे सर्वांचे समाधान होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लाभ झाला तो इतकाच की, ओढाताण बंद दाराआड न होता सर्वांच्या देखत झाली, आणि विचारले नसते तर जी वास्तू नकाशावर आलीच नसती ती आली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या नगररचनेच्या कायद्यांतही लोकांच्या हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा त्यांपैकीच एक. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची व्यवस्था सांगितली. म्हणजे साधन नाही असे नाही. पण हरकती मागविल्या जातात त्या मसुदा तयार झाल्यावर. तोपर्यंत मोजणी झालेली, खात्यांचा पत्रव्यवहार संपलेला, नकाशा रंगविलेला असतो. एखाद्या नागरिकाने मोठ्या कष्टाने लिहिलेला अर्ज मग ‘नोंद घेतली’ या शेऱ्यासह फाईलच्या तळाशी जातो. हॉलोवेच्या लोकांचा कागद परिणामकारक ठरला, कारण तो जमिनीच्या विक्रीपूर्वी फाईलमध्ये होता.

असे प्रसंग आपल्याकडे यापुढेही येणार. कलकत्त्याचा अलिपूर तुरुंग २०१९ मध्ये रिकामा झाला आणि २०२२ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. गोव्यातील आग्वादच्या तुरुंगाचेही २०२१ च्या डिसेंबरात संग्रहालय झाले. स्वातंत्र्यसैनिकांची स्मृती जपली गेली, हे योग्यच झाले. पण तुरुंगात केवळ स्वातंत्र्यसैनिकच नसतात. चोरीच्या आरोपावरून खटल्याची वाट पाहत बसलेला मजूर, हुंडाबळीच्या प्रकरणात सुनेच्या मागून आत गेलेली सासू, आईबरोबर आत वाढलेले मूल, यांच्यासाठी कोणी स्मारक उभारणार नाही, आणि त्यांना स्मारक नकोही असेल. त्यांना कदाचित कोर्टकचेरीचा सल्ला देणारी एखादी खोली हवी असेल, किंवा सुटकेच्या दिवशी रात्र काढता येईल असा निवारा. त्यांना विचारल्यावाचून हे कळणार कसे?

आमच्या वाचकांपैकी कित्येकजण परप्रांतांत अशा खात्यांत काम करतात की जेथून जमिनीच्या फाईली जातात. निर्णय आपल्या हाती नसतो, हे खरे. पण टिपण आपल्या हातचे असते. जमिनीचे क्षेत्र आणि किंमत लिहून झाल्यावर, ‘येथे राहिलेल्यांचे व शेजाऱ्यांचे मत विक्रीपूर्वी घ्यावे’ ही एक ओळ टिपणात घालण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. वरिष्ठांनी ती खोडली, तरी ती लिहिली गेली होती हे फाईलमध्ये राहते.