हजेरीपटापासून आराखड्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतात सीतादहीची पूजा होते आणि कापसाची वेचणी सुरू होते. वेचणी बहुतांशी बायकांच्या हातची, किलोवर मजुरीची. आई वेचायला गेली की धाकट्याला कोणी सांभाळायचं, हे घरात विचारावं लागत नाही; ते काम मोठ्या मुलीकडे येतं. जरा मोठी झाली की तीही आईशेजारी पात धरते. देशभरच्या शाळांची यू-डायस आकडेवारी मात्र वर्षानुवर्षे 30 सप्टेंबरच्या पटावरून घेतली गेली. त्या दिवशी मुलगी वर्गात असते, म्हणून शिक्षणाच्या आराखड्यात ती वर्षभर वर्गातच राहते.

लिंगभाव-सजग शिक्षण नियोजन या अभ्यासक्षेत्रात आपलं स्वागत आहे. मुलींसाठी एखादी योजना जोडून देणं एवढाच याचा अर्थ नाही. शाळेची वेळ, अंतर, सुट्ट्या, निधी हे सगळं ठरवताना मुलीचा दिवस कसा जातो हे आधी विचारायचं, हा या क्षेत्राचा गाभा.

या विचाराला आपल्याकडे जुना वारसा आहे. 1848मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. 1962च्या हंसा मेहता समितीने मुलामुलींच्या वेगवेगळ्या अभ्यासक्रमांचा प्रश्न तपासून समान अभ्यासक्रमाची बाजू घेतली. 1986च्या राष्ट्रीय धोरणाने तर शिक्षणाने स्त्रीचं स्थानच बदलावं असं म्हटलं. ही भूमिका मला आजही सर्वांत धाडसी वाटते. 2020च्या धोरणात लिंगभाव समावेशन निधी आला.

एवढा वारसा असूनही 2011च्या जनगणनेत यवतमाळमध्ये पुरुषांची साक्षरता सुमारे 89 टक्के होती, स्त्रियांची सुमारे 76. अशी सरासरी दिशा दाखवते, कारण सांगत नाही. झरी-जामणीतल्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलीला माध्यमिक शाळेपर्यंतचा रस्ता अडवतो. पुसद-उमरखेडकडच्या तांड्यावरच्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले, तर हंगामी वसतिगृह वेळेवर उघडतं की नाही यावर तिचं वर्ष ठरतं.

म्हणूनच शिक्षण विभागाचा आराखडा एकट्या शिक्षण विभागाला नीट करता येत नाही. मुलीची हजेरी एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते, आणि अंगणवाडी किती तास उघडी राहते यावरही. राज्याने मुलींना उपस्थिती भत्ता दिला, एसटीचा मोफत पास दिला, आणि दोन्हींचं मोल आहे. पण धाकट्या भावंडाला दिवसभर ठेवायला जागाच नसेल, तर भत्ता कोणत्या उपस्थितीचा? पाळणाघराचा खर्च महिला व बालविकासाच्या खात्यात पडतो, त्याचा लाभ शाळेच्या पटावर दिसतो. म्हणून तो खर्च कोणीच आपला मानत नाही.

अभ्यास सुरू करणाऱ्याने आपल्या गावातल्या शाळेचा हजेरीपट उघडावा, ऑक्टोबर ते जानेवारीतली मुलांची आणि मुलींची हजेरी महिनावार वेगळी मांडावी आणि ती जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजनेशेजारी ठेवून वाचावी. पुढची प्रकरणं त्या वाचनासाठी लिहिली आहेत.