अर्ध्या तासाचा इतिहास

ज्या घरात कोणी मधुमेहासाठी इन्शुलिन घेत असेल, तेथे एक नियम परिचयाचा असतो: आधी सुई टोचून घ्यावी आणि अर्ध्या तासाने पानावर बसावे. हा अर्धा तास आला कोठून, आणि नव्या इन्शुलिनांनी तो जवळजवळ नाहीसा कसा केला, हे आज पाहावयाचे आहे. डॉक्टरांनी एक कुपी बदलून दुसरी लिहून दिली, की हा इतिहास घरच्यांच्या प्रत्यक्ष उपयोगाचा ठरतो.

1889 साली स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्याला मधुमेह जडला. रोगाचे मूळ सापडले. उपायासाठी मात्र आणखी 32 वर्षे जावी लागली. 1921 मध्ये टोरांटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क सिद्ध केला. 11 जानेवारी 1922 रोजी तो लेनर्ड टॉमसन या मुलाला टोचण्यात आला. परंतु अर्क अशुद्ध असल्यामुळे म्हणावा तसा गुण आला नाही. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि 23 जानेवारीपासून मुलाची रक्तशर्करा उतरू लागली. तोपर्यंत अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू थोडा लांबवणे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते.

प्राण जगले, पण वेळेचा प्रश्न उरला. निरोगी शरीरात घास पोटात जाताच इन्शुलिन रक्तात उतरते. टोचलेले इन्शुलिन मात्र त्वचेखाली रेंगाळते. याचे कारण त्याच्या रेणूंच्या स्वभावात आहे. 1969 साली ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली. जस्ताभोवती सहा सहा रेणू एकत्र बसतात, असे त्या रचनेत दिसते. ही सहांची मोळी सुटून रेणू एकेकटे झाल्याखेरीज ते रक्तवाहिनीत सहज शिरत नाहीत. आपला अर्धा तास तो हाच! त्यातही जुन्या साध्या इन्शुलिनचा जोर दोन ते चार तासांनी चढतो आणि पुढेही काही तास टिकतो. जेवणाची साखर त्याआधीच वर गेलेली असते. म्हणून जेवणानंतर शर्करा जास्त आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळी कमी, असा उफराटा प्रकार घडे.

या मोळीची गाठ सैल कशी करावी? 1955 पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या 51 अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला होता. 1978 मध्ये मानवी इन्शुलिन जिवाणूंकडून घडविण्यात यश आले आणि 1982 साली ते औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. जिवाणू दिलेल्या आज्ञेप्रमाणे रेणू घडवू लागल्यावर, आज्ञेतील एखादे अक्षर बदलणेही शक्य झाले. 'बी' साखळीतील 28 व्या आणि 29 व्या स्थानांवर अनुक्रमे प्रोलीन आणि लायसीन असतात. त्यांची केवळ अदलाबदल केली, आणि रेणूंची मोळी चटकन सुटू लागली. हेच लिस्प्रो, अमेरिकेत ते 1996 साली मान्य झाले. पुढे अ‍ॅस्पार्ट आणि ग्लुलिसीन ही त्याची भावंडे आली.

ही इन्शुलिने साधारण पाव तासात काम सुरू करतात, तासा-दीड तासात जोरावर येतात आणि तीन ते पाच तासांत ओसरतात. म्हणून साध्या इन्शुलिनवरून यांच्याकडे वळणाऱ्याने जुन्या सवयीने अर्धा तास थांबणे धोक्याचे आहे. अन्न पोटात जाण्यापूर्वीच साखर घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे भरकटते. शुद्ध असेल तर त्वरित साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता डॉक्टरांना गाठावे. या भावंडांपैकी एकाऐवजी दुसरे घेताना बहुधा तितकीच मात्रा ठेवतात. तथापि ते ठरवणे डॉक्टरांचे काम, आणि आरंभीचे काही दिवस शर्करा अधिक वेळा तपासणे आपले काम.

आणखी एक सावधगिरी. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटे आणि 100 युनिटे असलेली, अशी दोन प्रकारची इन्शुलिने मिळतात. 100 च्या कुपीतले औषध 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात 25 युनिटे जातात. तेव्हा नवी कुपी हाती आली की तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: जेवणाआधी किती वेळ घ्यावयाचे, मात्रा किती, आणि सिरिंज कोणती. घरात वाचता येणाऱ्या एकाने तरी त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, औषध ठेवतात तेथेच लावाव्यात.