जवारी आणि ऑसिलेटर

सिंथेसायझरचा इतिहास बहुधा पट्ट्यांच्या अंगाने सांगितला जातो. १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साहाय्याने आपला पहिला नमुना घडवला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांच्या बाखच्या ध्वनिमुद्रिकेने त्याला कीर्ती मिळवून दिली. यात खोटे काही नाही, पण या कथनात वाद्याचा आवाज मात्र ऐकू येत नाही. षड्ज सनईचा की बासरीचा, हे ज्यावरून आपण ओळखतो त्या स्वनगुणाची घडण वादकाच्या हाती आली, हे या यंत्राचे खरे कर्तृत्व होय, असे आम्हांला वाटते.

मूळ स्वरासोबत कोणते उपस्वर किती जोराने वाजतात यावर स्वनगुण ठरतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ सालच्या ग्रंथात मांडले होते. तंबोऱ्याच्या खरजातून उमटणारा गंधार ज्याने ऐकला आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. मूगच्या ऑसिलेटरने (‘आंदोलक’ म्हणावे तर मोर्चाच डोळ्यांपुढे उभा राहतो!) हे प्रमाण विजेच्या तरंगाच्या आकारात बांधले. करवती तरंगात सगळे उपस्वर असतात : दुसरा निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. चौकोनी तरंगात केवळ विषम क्रमांकाचे, म्हणून त्याचा नाद क्लॅरिनेटसारखा पोकळ. त्रिकोणी तरंगातही विषमच, पण इतके क्षीण की तो बासरीच्या जवळ जातो. मूग यांची रीत वजाबाकीची : भरगच्च तरंग घ्यावा आणि फिल्टरने वरचे उपस्वर खरवडून काढावेत. कॅलिफोर्नियातले डॉन बुकला उलट वाटेने गेले. साध्या तरंगालाच घड्या घालून त्यातून नवे उपस्वर उपजवावेत, ही वाट त्यांनी सत्तरच्या दशकात रुळवली.

घोडीवर जवारीचा दोरा सरकवणारा मिरजेचा कारागीर या दोघांपैकी कोणाच्या पंगतीला बसेल? आमच्या मते बुकलांच्या. तार ज्या जागी छेडली त्यामुळे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात घोडीच्या वक्र माथ्यामुळे उमटतात, असे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच नोंदवले आहे. म्हणजे इथेही काढून टाकणे नाही, उपजवणे आहे.

मिश्रणाची गोष्ट मात्र निराळी. १९७० च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते. प्रत्येकाचा तरंग आणि जोर स्वतंत्रपणे ठरवून ते एकत्र करता येत. एक २२० आवर्तनांवर आणि दुसरा २२१ वर ठेवला, तर नाद सेकंदाला एकदा हेलकावतो. शिवाय हे ऑसिलेटर तापमानाबरोबर सुरातून सरकत. अभियंत्यांच्या लेखी तो दोष. पण त्या सरकण्यानेच आवाजाला रुंदी येते, हे वादकांनी ओळखले. तंबोरा लावणारा मण्याने जोडीच्या तारांतला हेलकावा विझवू पाहतो. मिनीमूगवाला तो मुद्दाम राखतो. साम्य दाखवताना हा भेद झाकू नये.

तंबोऱ्याला हे यंत्र परके राहिले नव्हते. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग बसवून दिला. तिथे काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. ट्यूडर यांचे सहकारी जॉन केज यांना १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीत शिकवणाऱ्या त्या ह्याच. १९७२ पर्यंतच्या त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून होत्या. पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या आय. एस. माथुर यांच्या एका रचनेचे नाव आहे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’.