ताऱ्यांचीं नांवें आणि ताऱ्यांचा धनी

ज्युबिली म्हणजे गेलेल्या वर्षांची मोजदाद. ही मोजदाद मनुष्य कशावरून करूं लागला, असें कोणीं विचारलें तर उत्तर एकच आहे: आकाशावरून. म्हणून धर्मग्रामाच्या या स्मरणिकेंत ताऱ्यांसंबंधीं चार शब्द लिहिणें वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आम्हांस आशा आहे. शिवाय या विषयांत एक प्रश्न गुंतलेला असून तो आमच्या शेतकरी बंधुभगिनींच्या नित्याच्या आचरणाचा आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त हीं नांवें अन्य धर्माच्या पुराणकथांतून आलेलीं. तीं उच्चारतांना ख्रिस्ती मनुष्यानें संकोच करावा काय? आणि संकोच करावयाचाच तर तो नेमका कोठें?

नांवांची ही गोष्ट श्रीरामपूरकरांस अपरिचित नाहीं. दौंड-मनमाड लोहमार्गावरील आमच्या स्टेशनास बेलापूर हें शेजारच्या जुन्या गांवाचें नांव मिळालें. स्टेशनाभोवतीं जें नगर वाढलें त्यास श्रीरामपूर म्हणूं लागले. ठिकाण एक, नांवें दोन. ताऱ्यांचेंहि असेंच झालें आहे. तारे सर्व राष्ट्रांस तेच दिसले; परंतु प्रत्येक राष्ट्रानें आपल्या घरांतलीं, रानांतलीं व कथांतलीं नांवें त्यांस दिलीं.

उदाहरणार्थ मृग नक्षत्र पाहूं. ऐतरेय ब्राह्मणांतील कथेप्रमाणें प्रजापति हरिणाचें रूप घेऊन रोहिणीमागें धांवला, तेव्हां त्यास बाणानें विंधण्यांत आलें. तोच त्रिकांड बाण आकाशांत तीन ताऱ्यांच्या सरळ ओळीनें दिसतो आणि विंधणारा व्याध जवळच तेजानें झळकतो. ग्रीक लोकांस त्याच जागीं हरिण न दिसतां ओरायन नांवाचा शिकारी दिसला. बाणाचे तीन तारे हा त्याचा कमरपट्टा, आणि आमचा व्याध हा त्याचा कुत्रा! पुढें युरोप ख्रिस्ती झाल्यावर कित्येक देशांतील खेडुतांनीं याच तीन ताऱ्यांस ‘तीन राजे’ म्हटलें. स्पेन व पोर्तुगाल येथें ते ‘तीन मरिया’ झाले. रोहिणी म्हणजे तांबूस वर्णाची. त्याच ताऱ्यास अरबांनीं ‘मागून येणारा’ या अर्थाचें नांव दिलें, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. कृत्तिका या आमच्याकडे कार्तिकेयाच्या सहा माता, तर ग्रीकांकडे ॲटलसाच्या सात कन्या.

आमच्या तालुक्यांत हीं नांवें पोथीपेक्षां शेतांत अधिक नांदतात. ७-८ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ असें म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, सूर्य त्या दिवशीं मृगशीर्ष नक्षत्रांत प्रवेश करतो. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांनीं ऊंस पिकूं लागला. तरी पेरणीची भाषा नक्षत्रांचीच राहिली. यांत एक मौज आहे. ज्या नक्षत्रांत सूर्य असतो तें सूर्यतेजांत लोपलेलें असतें. म्हणून मृगाचा पाऊस पडतो तेव्हां मृग दिसत नाहीं. तो पाहावयाचा असेल तर नाताळच्या मध्यरात्रीं मिस्सा आटोपून बाहेर पडतांना दक्षिणेकडे मान उंच करून पाहावें. तीन राजांचे ते तीन तारे ऐन माथ्याजवळ आलेले असतात.

या नांवांतील इतिहास महाराष्ट्रीय विद्वानांनीं फार परिश्रमानें उलगडला आहे. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथांत मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथांत शतपथ ब्राह्मणाच्या एका वचनाकडे लक्ष वेधलें: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असें त्यांत म्हटलें आहे. आज त्या बरोबर पूर्वेस उगवत नाहींत, थोड्या उत्तरेकडे सरकून उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्याप्रमाणें सावकाश फिरत असल्यामुळें हा फरक पडतो, व त्यावरून दीक्षितांनीं त्या वचनाचा काळ ख्रिस्तपूर्व सुमारें ३००० वर्षे असा काढला. इतर विद्वानांस हें अनुमान सर्वस्वीं मान्य नाहीं. तथापि एका नांवांत केवढा काळ सांठविलेला असूं शकतो, हें त्यावरून दिसतें.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. पवित्र शास्त्रांत ईयोबाच्या ग्रंथांत देवाचें सामर्थ्य वर्णितांना कीमा, कसील अशीं हिब्रू नांवें आलीं आहेत. संत जेरोमनें लॅटिन भाषांतर केलें तेव्हां ओरायन हें मूर्तिपूजक ग्रीकांचें नांव त्यानें निःशंकपणें लिहिलें. मराठी भाषांतरकारांनींहि त्याच न्यायानें मृगशीर्ष व कृत्तिका हे शब्द घेतले. कृत्तिका हा शब्द वाचून आजवर कोणी ख्रिस्ती मनुष्य कार्तिकेयाच्या भजनीं लागल्याचें ऐकिवांत नाहीं. शब्द भाषेचा असतो. उपासना अंतःकरणाची असते.

जुनीं नांवें पुसून टाकण्याचा यत्न ख्रिस्ती लोकांनीं केलाच नाहीं, असें मात्र नव्हे. १६२७ सालीं ऑग्सबर्ग येथील युलिउस शिलर नांवाच्या विधिज्ञानें आकाशाचा एक सुंदर नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत बारा राशींस बारा प्रेषितांचीं नांवें होतीं. उत्तरेचे तारकासमूह नव्या करारांतील व दक्षिणेचे जुन्या करारांतील व्यक्तींस वांटून दिले होते. ग्रीकांची आर्गो नौका नोहाचें तारूं झाली होती. हेतु भक्तीचा होता, तरी तीं नांवें टिकलीं नाहींत. खलाशी व ज्योतिषी जुन्याच नांवांनीं मार्ग काढीत राहिले, आणि ख्रिस्तसभेनेंहि आग्रह धरिला नाहीं. पोर्तुगीज भाषेंत मात्र सोमवारापासून शुक्रवारापर्यंतच्या वारांचीं ग्रहनामें जाऊन ‘दुसरा’, ‘तिसरा’ असे ख्रिस्तसभेच्या पंचांगांतील क्रमांक आले. आम्ही मराठी ख्रिस्ती मंगळवार, शनिवार म्हणतों, आणि त्यानें आमच्या श्रद्धेस उणेपणा येत नाहीं. आज आंतरराष्ट्रीय खगोल संघानें मान्य केलेल्या ताऱ्यांच्या यादींत ग्रीक व अरबी नांवांशेजारीं आमचीं भरणी व रेवती हींहि आहेत.

मग संकोच कोठें करावा? जेथें तारा नांवापुरता न राहतां धनी होऊं पाहतो तेथें. मृग लागला म्हणून पेरणी करणें हा शहाणपणा होय. परंतु मूळ नक्षत्रावर जन्मलें म्हणून तान्ह्या बाळास पित्याचा घातक मानणें, पत्रिका जुळत नाहीं म्हणून सालस कन्येचा विवाह मोडणें, हें अज्ञान होय, व त्यांत निरपराध जीव भरडले जातात. दुःखाची गोष्ट ही कीं, बाप्तिस्मा घेतलेल्या कांहीं घरांतूनहि हें अद्याप गुपचूप चालतें. संत ऑगस्टिननें सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं याचें उत्तर देऊन ठेविलें आहे: याकोब व एसाव हे एका वेळीं जन्मलेले जुळे, मग त्यांचें चरित्र इतकें भिन्न कां? १९९२ सालच्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथांतहि जन्मपत्रिका व फलज्योतिष यांचा स्पष्ट निषेध केला आहे.

पूर्वेकडील ज्ञानी लोकांचें उदाहरण येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ते आकाश वाचणारे होते, आणि देवानें त्यांस त्यांच्याच भाषेंत, ताऱ्याच्या द्वारें, हांक मारली. परंतु जन्मस्थान बेथलेहेम आहे हें त्यांस यरुशलेमांत शास्त्रवचनावरून कळलें. तारा वाट दाखवितो. तो राजा नव्हे. तो तारा कोणता, यावर पुष्कळ तर्क झाले. केप्लरनें १६१४ सालीं ख्रिस्तपूर्व ७ या वर्षींच्या गुरु-शनि युतीशीं त्याचा संबंध जोडला. संत मात्थीनें मात्र त्यास कांहींच नांव दिलें नाहीं. आमच्या श्रद्धेंतील सर्वांत थोर तारा अनामिक आहे!

त्याच्यासारख्याच अनामिक सेवेचें एक उदाहरण सांगून आटोपतों. १९१० ते १९२१ या काळांत व्हॅटिकनच्या वेधशाळेंत मरिया बांबिना संस्थेच्या चार धर्मभगिनींनीं छायाचित्रांच्या कांचा सूक्ष्मदर्शकांतून पाहून सुमारें ४ लक्ष ८१ हजार ताऱ्यांचीं स्थानें नोंदविलीं. त्या ताऱ्यांस नांवें नव्हतीं, केवळ आंकडे होते. आणि त्या भगिनींचीं नांवेंहि २०१६ पर्यंत जगास फारशीं ठाऊक नव्हतीं. आमच्या धर्मग्रामांतहि असे किती आजीआजोबा, धर्मशिक्षक व मजूर होऊन गेले, ज्यांचीं नांवें या स्मरणिकेंत सांपडणार नाहींत! स्तोत्रकर्त्यानें म्हटल्याप्रमाणें देव ताऱ्यांची गणती करतो व प्रत्येकास नांवानें हांक मारतो. जो ताऱ्यांस विसरत नाहीं तो आपल्या लेंकरांस कसा विसरेल? वाचकहो, मृगास मृगच म्हणा, पेरणी वेळेवर करा. भरंवसा मात्र त्या एकाच धन्यावर ठेवा. त्याचा आशीर्वाद या ज्युबिली वर्षीं आपणां सर्वांवर राहो.