वतन मागणाऱ्या पाच बहिणी

मवाबाच्या मैदानात उजाडतंय. तुमच्या पायांशी जमिनीवर मान्ना, म्हणजे देवानं रानात पुरवलेलं अन्न, पडलाय; धण्याएवढा, पांढुरका. शेजारच्या तंबूतल्या बायका तो वेचून उखळात कुटायला बसल्यात. पश्चिमेला यार्देन नदी, तिच्यापलीकडे यरीहोचे खजूर. चाळीस वर्षं रानात भटकलेले इस्राएलचे लोक आता या नदीकाठी थांबलेत. मिसर देशातून निघालेल्या पिढीतलं जवळजवळ कुणीच उरलेलं नाही.

नुकतीच शिरगणती झालीय. विशीच्या पुढचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष तेवढे मोजले: 6,01,730. त्यात एकट्या मनश्शे वंशाचे 52,700. पलीकडच्या देशाची वाटणी याच गणतीवरून व्हायचीय. मोठ्या वंशाला मोठा वाटा, आणि कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. ज्या घरात मोजायला पुरुषच नाही, त्या घराला जमीन नाही.

तुमच्या शेजारून पाच जणी जातात. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. मनश्शे वंशातल्या सलाफहादाच्या मुली. चला त्यांच्यामागून.

दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी लोकांचा पुढारी मोशे आहे, एलाजार याजक आहे, सरदार आहेत, सगळी मंडळी जमलीय. पाचही जणी पुढे होऊन उभ्या राहतात. कोण बोलली? बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात ते सांगितलेलंच नाही. बोलणं पाचही जणींचं म्हणून नोंदलंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

त्या सांगतात, आमचा बाप रानात मेला. कोरहाच्या टोळीत तो नव्हता, स्वतःच्या पापानं गेला. त्याला मुलगा नाही, एवढ्यावरून त्याचं नाव कुळातून का पुसायचं? आमच्या चुलत्यांबरोबर आम्हालाही वतन द्या.

प्रत्येक शब्द कसा तोलून आलाय पाहा. कोरहानं बंड केलं होतं ते मोशेविरुद्धच. न्याय देणाऱ्याच्या मनात येऊ शकणारी पहिली शंका त्यांनी आधीच मिटवली. पुढे हक्क मागितला तो बापाच्या नावानं, कारण या सभेत त्याच नावाला वजन आहे. आणि वाटा कशातला मागताहेत? अजून कुणाच्या ताब्यातही नसलेल्या जमिनीतला! याच लोकांचे बाप कधीकाळी मिसरला परत जाऊ म्हणून रडले होते. या मुली मात्र ती जमीन मिळणारच हे धरून चालल्यात.

मोशेकडे उत्तर नाही. इतकी वर्षं लोकांचे तंटे सोडवणारा हा माणूस त्यांचं गाऱ्हाणं परमेश्वरापुढे नेतो. निकाल येतो: मुलींचं म्हणणं रास्त आहे, त्यांना वतन दे. शिवाय तो या पाच जणींपुरता राहत नाही. मुलगा नसेल तर वतन मुलीकडे जाईल, असा सगळ्यांसाठी नियम होतो. मुलगा असेल तर मुलीला काही नाही, हेही खरं; तेवढी भिंत तशीच राहते.

थोडं पुढे या. आता मनश्शे वंशातल्याच गिलादाच्या कुळातले वडीलधारे तक्रार घेऊन आलेत. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्नं केली, तर जमीन तिकडे जाईल. तेव्हा अट पडते: आवडेल त्याच्याशी लग्न करा, पण बापाच्या वंशातच. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. ही अट मला खुपते. वतन मिळणाऱ्या मुलग्यांवर अशी अट नव्हती.

मग यार्देनेपलीकडे जा. मोशे वारलाय, त्याच्या जागी आलेला यहोशवा वाटणी करतोय, आणि त्या पुन्हा आल्यात. परमेश्वरानं मोशेला काय आज्ञा केली होती, त्याची आठवण एलाजाराला, यहोशवाला, सरदारांना या मुलींनाच करून द्यावी लागते. तेव्हा कुठे वाटा पदरात पडतो.

आता शतकं ओलांडून 1910 सालात या, मनश्शेच्या मुलखातल्या शोमरोन या जुन्या नगराच्या जागी. हार्वर्ड विद्यापीठाचं उत्खनन चाललंय. मातीतून खापराचे तुकडे निघताहेत, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातले. कुठल्या भागातून द्राक्षारसाची किंवा तेलाची सुरई आली, ते कारकुनानं शाईनं टिपून ठेवलंय. त्या भागांच्या नावांत नोआ आहे, होग्ला आहे. बापाचं नाव टिकावं म्हणून या मुली भांडल्या होत्या. या खापरांवर सलाफहाद कुठेच नाही, मुलींची नावं आहेत.